पाचव्या पानावर दूध येत नाही

माणूस आमच्या पायरीवर उभा होता. मागे वांगी भाजत होती, धूर सरळ त्याच्या नाकात जात होता, डोक्यावर हातभर पाटी होती, 'अक्काचं भरीत'. आणि मलाच विचारतो, "मावशी, अक्काचं भरीत इथे कुठे मिळतं?"

"हे काय, इथेच. ये, बस."

त्याने फोनकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, मग पाटीकडे. "नाही हो. यात दाखवत नाहीये."

"अरे बाबा, फोन ठेव खिशात. नाक आहे ना तुला?"

"नको मावशी, उगाच रिस्क नको," म्हणाला आणि गेला निघून. भुकेला होता हो, चेहऱ्यावर दिसत होतं. मी हातात पळी घेऊन उभी. संताप संताप झाला.

दिवाळी सरून थंडी पडली होती, म्हणजे आमचा ऐन सीझन. जळगावात या दिवसांत ज्याला त्याला भरीत लागतं. माझं दुकान काही मोठं नाही. पत्र्याची शेड, चार बाकं, कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची आणि बडजीत ठेचायची. बडजी म्हणजे लाकडी भांडं, पुण्याकडच्यांना सांगावं लागतं म्हणून सांगते. माझा मुलगा संघपाल लहान होता तेव्हा त्याचे वडील गेले आणि मी ही बडजी मांडली. आता तोच सगळं बघतो. मी फक्त ओरडायला असते, असं तो म्हणतो.

वेबसाइट रोनकने केलेली. शेजारी केवलचंदशेठचं डाळींचं दुकान आहे, त्यांचा हा नातू. माडीवर कॉम्प्युटर घेऊन बसतो आणि लोकांच्या वेबसाइट करून देतो. जैन घर, त्यांच्यात वांगं चालत नाही. ज्याने जन्मात वांग्याला तोंड लावलं नाही त्याने भरताची वेबसाइट लिहिली! मी एकदा वाचून घेतली. 'जळगाव भरीत, खान्देशी भरीत, अस्सल भरीत, जळगावचं अस्सल खान्देशी भरीत, भरीत जळगाव.'

"रोनक, हा काय जप लावलाय?"

"अक्का, हे माणसांसाठी नाही. मशीनसाठी आहे. मशीनला असंच आवडतं."

आणि आवडलं की मेल्याला. कोणी फोनवर 'जळगाव भरीत' टाकलं की आमचं नाव पहिलं. दोन वर्षं पहिलं. त्या पहिल्या नावावर तर संघपालचं लग्न जमलं.

ते असं. धुळ्याच्या वधू-वर मेळाव्यात संघपालने समीक्षाला पाहिलं आणि समीक्षाने संघपालला. मुलगी औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे, गोड आहे, कमी बोलते. तिचे वडील वाल्मीकदादा मोजणी खात्यातून रिटायर झालेले. आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्या, त्यामुळे रेकॉर्डवर नाही ते जगात नाही असा त्यांचा हिशेब. आमची चौकशी करायला जळगावला आले, तर गल्लीत एका माणसाला विचारलं नाही. ना चहावाल्याला, ना न्हाव्याला. बाकावर बसले, फोन काढला, 'जळगाव भरीत' टाकलं आणि पहिलं आलेलं आमचं नाव सोबतच्यांना फिरवून दाखवलं. "घर पहिल्या क्रमांकाचं आहे," म्हणाले. चहा तसाच गार झाला, पण पसंती झाली. धुळ्याला परत जाऊन त्यांनी सगळ्या सोयऱ्यांना तेच सांगितलं. टाकून बघा, जावई पहिला येतो.

तेव्हापासून आमचा संघपाल वांगी सोलताना गाणी म्हणायचा. आवाज बेसूर आहे पोराचा, पण मी बोलले नाही कधी.

तर तो माणूस पायरीवरून गेला आणि मी रोनकला हाक मारली. तो तोंड पाडूनच खाली आला.

"अक्का, अल्गोरिदम बदललं."

"ते काय असतं?"

"कोणाला वर लावायचं, कोणाला खाली, त्याचे कंपनीचे नियम. ते बदलले."

"आपल्याला विचारलं?"

"कोणालाच विचारत नाहीत, अक्का."

"बरं, विचारू नका. निदान सांगायचं तरी! नळाचं पाणी बंद करतात तर रिक्षा फिरवून सांगतात."

रोनकने समजावलं. आता एक शब्द पुन्हा पुन्हा लिहिलेला मशीनला चालत नाही, उलट राग येतो. आता मशीन बघतं की लिहिणाऱ्याला त्या गोष्टीचा स्वतःचा अनुभव आहे का. मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने जमिनीकडे पाहिलं.

"अक्का, आमच्यात चालत नाही वांगं..."

"खाऊ नको रे बाबा! मी कुठे म्हणते खा म्हणून? पण आमच्या जागी आलंय कोण, ते तरी दाखव."

दाखवलं. 'भरीत खाण्याचे सात फायदे.' कुठली तरी लांबची वेबसाइट, आणि फोटोत वांगं जांभळं! जळगावच्या भरताला जांभळं वांगं! अहो, आमचं वांगं हिरवं असतं, लांब, हातात मावत नाही एवढं. हे म्हणजे केळी बघायला रावेरला बोलवायचं आणि पेरू दाखवायचा. मी त्या फोटोला शिव्या घातल्या. रोनक म्हणाला, तिला ऐकू येत नाही अक्का.

आम्ही दुसऱ्या पानावर गेलो. मग तिसऱ्या. आणि इथून गल्लीला काय झालं ते मला आजही कळलेलं नाही.

एका सकाळी दूध आलं नाही. दूधवाला समोरच्या घरी माप ओतत होता. मी हाक मारली तर म्हणाला, "अक्का, तुम्ही आता पाचव्या पानावर गेलात. तिकडे माझी लाईन नाही."

"अरे मी तुझ्यासमोर उभी आहे!"

"दिसताय हो. पण पाचवं पान लांब पडतं. मला पहिल्या दोन पानांचंच उरकत नाही."

पेपरवाला पेपर टाकेना. स्टेशनवरून कामिनी, माझी नणंद, रिक्षाने आली तर रिक्षावाल्याने डबल भाडं मागितलं. तिने विचारलं, का रे? तर म्हणाला, "ताई, पाचव्या पानावरून परतीची सवारी मिळत नाही." केवलचंदशेठ तर आमचा इतक्या वर्षांचा शेजार. रोज सकाळी 'जय जिनेंद्र' म्हणायचे, मी 'जय भीम' म्हणायची, दिवस सुरू व्हायचा. त्यांनीही एक दिवस दुकानाच्या दारात उभं राहून, डोळ्यांवर हात धरून, लांब क्षितिजावर बघावं तसं माझ्याकडे पाहिलं आणि ओरडून विचारलं, "अक्का, बरं आहे ना तिकडे?" आमच्या दोघांत एक गटार आहे फक्त.

फायदा म्हणाल तर एकच झाला. घरपट्टीवाला फिरकला नाही.

मी हसले असते हो. पण एका दुपारी वाल्मीकदादांचा फोन आला.

"अक्का, आमच्या सोयऱ्यांनी टाकून पाहिलं. जांभळं वांगं येतं."

"ते आमचं नाही, दादा."

"तेच तर म्हणतोय. तुमचं येतच नाही. मी सगळीकडे पहिला क्रमांक सांगून बसलोय, माझी मान खाली जाते. इथे धुळ्यातलंच एक स्थळ सांगून आलंय, इन्व्हर्टर-बॅटरीवाला आहे. पहिल्या पानावर आहे, पाच स्टार आहेत. मी पौर्णिमेपर्यंत थांबतो. पौर्णिमेला जळगावला येतो, काय ते बघून ठरवू."

संघपाल शेजारीच उभा होता. त्याने ऐकलं. वांगी उलटायला गेला, आणि सगळी जाळून ठेवली. गाणं बंद. जेवण बंद. भरतात मीठ दोनदा पडायला लागलं. एवढा घोडा झालेला पोरगा, पण पाठ वळवून उभा राहिला की मला त्याची लहानपणची पाठ दिसायची. काळजाचं पाणी झालं माझ्या.

मी रोनकला धरलं. "सांग, काय केलं की वर जातो?"

"दोन गोष्टी, अक्का. एक, वेबसाइट नव्याने लिहायची, अनुभवाची. तुम्ही बोला, मी उतरवतो. दुसरी, लिंक. म्हणजे दुसऱ्यांच्या वेबसाइटवर आपलं नाव पाहिजे. जितके चांगले लोक आपलं नाव घेतील तितकं मशीन म्हणतं, हे घर बरं दिसतंय."

"म्हणजे आपल्या पाठीशी कोण कोण उभे आहेत, त्यांची नावं?"

"हां, तसंच समजा."

अहो, मग आधी बोलायचं ना! हे तर माझं काम. आमच्या गोतात कोणाचंही लग्न असो, पत्रिका मी लिहिते. आमच्याकडची पत्रिका म्हणजे नवरा-नवरीची नावं दोन ओळीत आणि बाकी चार पानं नातेवाईक. विनीत कोण, निमंत्रक कोण, व्यवस्थापक कोण, मंडपात धावपळ करणारे कोण, खाली लहान पोरांची नावं, कोणाच्या वर कोण, कोणाच्या शेजारी कोण चालत नाही. एक नाव राहिलं तर ते घर लग्नाला येत नाही. आलं तर जेवत नाही. माझ्या हातून आजवर एकच माणूस रुसला, माझा चुलतभाऊ सुकदेव. पाळधीकडच्या खेड्यात असतो, म्हशी आहेत त्याच्या. एका पत्रिकेत त्याचं नाव तिसऱ्या ओळीत गेलं, तेव्हापासून माझ्याशी बोलत नव्हता. येतो, कामं करतो, जेवतो, पण बोलत नाही.

मी रोनकला म्हटलं, "लिही." आणि सांगायला बसले. माझे दीर वना, त्यांचं ट्रॅक्टर भाड्याने देण्याचं. कामिनीचं ब्लाउज शिवायचं. मावसभाऊ, चुलतसासरे, जावयाचा भाऊ, त्याचं पंक्चरचं दुकान. रोनकने प्रत्येकाला एक पानाची वेबसाइट करून दिली आणि प्रत्येकाच्या पानावर खाली एक ओळ, 'आमच्या अक्काचं भरीत'. आमच्या पानावर खाली त्या सगळ्यांची नावं, मानाप्रमाणे. 'सुकदेवच्या म्हशी' हीपण वेबसाइट झाली. ज्यांचा काही धंदा नाही त्यांच्या नुसत्या नावाच्या वेबसाइट केल्या. लहान पोरं रुसायला लागली म्हणून त्यांच्याही केल्या. रोनक म्हणत होता, अक्का, एवढे नको. मी म्हटलं, तू गप्प बस, तुला आमच्यातलं कळत नाही. एक नाव राहिलं तर काय होतं ते तू पाहिलेलं नाहीस.

वनाभाऊजींनी फोन करून विचारलं, "वहिनी, माझी लिंक कामिनीच्या खाली कशी?" ते मी निस्तरलं.

आणि वर गेलो ना आम्ही! पाचव्यावरून तिसऱ्या, तिसऱ्यावरून दुसऱ्या. दूध आलं. दूधवाल्याने वर विचारलं, "गावाहून कधी आलात अक्का?" संघपालने अर्धं गाणं म्हटलं. मी रोनकला म्हटलं, बघ. शिक जरा.

आणि मग एका सकाळी बघतो तर आम्ही नवव्या पानावर. नवव्या! त्या पानावर कोणी राहतं हेच मला माहीत नव्हतं. आमच्या वर एक 'भरीत' नावाची साडी होती आणि खाली परदेशातलं कसलं तरी हॉटेल.

रोनक घाम पुसत आला. "अक्का, मशीनने पकडलं. हे सगळे फक्त एकमेकांचंच नाव घेतात, दुसरं काहीच करत नाहीत, असं त्याला दिसलं. त्याला वाटलं टोळी आहे."

"टोळी नाही रे, गोतावळा आहे!"

"मशीनला फरक कळत नाही, अक्का."

"मग कळवून दे त्याला."

"कळवायची सोय आहे. पण उलटी." तो जरा घुटमळला. "या सगळ्यांची नावं लिहून पाठवायची, आणि म्हणायचं, यांच्याशी आमचा काहीएक संबंध नाही. मग ते वर घेतात. सगळ्यांची पानंही काढून टाकावी लागतील."

मी मटकन बाकावर बसले. पत्रिकेत एक नाव राहिलं तर घरं तुटतात, आणि हा म्हणतो, सगळ्यांशी संबंध नाही असं लिहून द्या, तेही परक्या कंपनीला. पौर्णिमा तोंडावर आलेली. संघपाल तिथेच उभा होता, म्हणाला, "आई, राहू दे. नको काढू कोणाचं नाव. नाही होणार लग्न तर नाही." असं म्हणाला आणि पाठ वळवून वांगी सोलायला बसला. मला इतका राग आला, मशीनचा, वाल्मीकदादांचा, जांभळ्या वांग्याचा, सगळ्यांचा. मी रोनकला म्हटलं, संध्याकाळपर्यंत थांब, मी विचारते एकेकाला.

विचारायची गरज पडली नाही. असल्या बातम्या आमच्यात फोनच्या आधी पोचतात. दुपारपर्यंत सगळे दारात. कामिनी रडतच आली, "वहिनी, माझ्याशी संबंध नाही असं लिहून देणार तुम्ही? बाळंतपणात कोण होतं तुमच्याजवळ?" वनाभाऊजी पटका काढून बसले. एवढ्यात मागून सुकदेव पुढे आला. इतकी वर्षं माझ्याशी एक शब्द न बोललेला सुकदेव.

"अक्का, मन्हं नाव पहिले काढ."

वनाभाऊजींनी मान वर केली.

"पोऱ्यानं लगीन व्हऊ दे," म्हणाला. आणि वर म्हणाला, "आन् आते तरी मन्हं नाव पहिलं येऊ दे."

रडू की हसू मला कळेना. दोन्ही केलं. सुकदेवचं पहिलं लिहिलं. मग वनाभाऊजी म्हणाले, दुसरं माझं. मग कामिनीने नाक पुसलं आणि म्हणाली, तिसरं माझं, पण वहिनी, आडनावासकट लिहा, दुसऱ्या कोणाला माझ्या जागी काढाल. काढण्याच्या यादीतही मानपान झाला हो. जावयाच्या भावाचं नाव चुकून शेवटी गेलं तर तो उठून चालला होता, त्याला परत बसवलं. रोनकने सगळं पाठवून दिलं आणि माझं बोलणं वेबसाइटवर जसंच्या तसं उतरवलं. 'वांगं जांभळं असेल तर घरी जा' हेही.

पौर्णिमेच्या सकाळी आम्ही पहिल्या क्रमांकावर. दूध आलं, पेपर आला. केवलचंदशेठ गटारापलीकडून साध्या आवाजात 'जय जिनेंद्र' म्हणाले. घरपट्टीवालाही आला.

वाल्मीकदादा समीक्षाला घेऊन धुळ्याहून एसटीने आले. बाकावर बसले. फोन काढला, टाकलं, पहिलं आमचं. चेहरा खुलला. संघपाल समीक्षाकडे बघत होता, समीक्षा बडजीकडे. मी म्हटलं, झालं, आता तारीख काढायची.

पण मोजणीवाला माणूस. त्यांचं बोट थांबेना. आणखी खाली गेले, वर आले, भुवया चढल्या.

"अक्का, मध्यंतरी मी बघितलं तेव्हा तुमचे दीर होते, नणंद होती, भाऊ होते. बरीच नावं होती. आता एकही नाही."

"काढली, दादा."

"का? भांडणं झाली? वाटण्या झाल्या?" त्यांनी फोन बाकावर ठेवला. "जमिनीच्या कागदावर आम्ही चतुःसीमा लिहायचो. पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, उत्तरेला, दक्षिणेला कोण. तुमच्या घराच्या चारी बाजूंना कोणीच नाही. अशा जागेत मी मुलगी कशी द्यायची? उद्या तिला काही झालं तर हाक कोणाला मारायची?"

घ्या! नावं होती तर खाली जातो म्हणून नको. नावं काढली तर घर ओसाड म्हणून नको. सगळा गोतावळा तर तिथेच शेडमध्ये राबत होता. पाहुणे यायचे म्हटल्यावर घरी बसतील ते आमचे कसले? सुकदेव वांगी भाजत होता, कामिनी कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी थापत होती, वनाभाऊजी पाणी भरत होते. वाल्मीकदादांनी सुकदेवला विचारलं, "तुम्ही यांचे कोण?"

सुकदेव उभा राहिला. लिहून दिलेलं, शब्द दिलेला. "कोनीच नही, दादा. मन्हा यास्नासंगे काही संबंध नही."

"आणि ताई तुम्ही?"

"मीपण कोणी नाही," कामिनी म्हणाली आणि भाकरीवर मुसमुसायला लागली.

वनाभाऊजींना विचारलं तर ते नुसतेच मान हलवत राहिले आणि पाण्याची बादली सांडली.

मग पहिलं ताट वाढायची वेळ आली. वनाभाऊजींनी ताट उचललं. कामिनीने हात धरला. "पाहुण्यांना पहिलं ताट मुलाच्या आत्याने वाढायचं."

"तू कुठली आत्या? संबंध नाही ना तुझा?"

"तुझा तरी कुठे आहे? पण संबंध नसला तरी मान माझाच!"

"काका मोठा की आत्या?"

"मन्हं नाव पहिले काढेल शे, ताट मी वाढसू," सुकदेवने भरताची पळी उगारली. जावयाचा भाऊ मध्ये पडला तर त्याला तिघांनी मिळून झापलं. लहान पोरं ओरडायला लागली. कोणाच्या लग्नात कोणाला टोपी मिळाली नव्हती तिथपर्यंत गोष्ट गेली. मी ओरडले, माझं कोणी ऐकेना. शेवटी संघपालनेच दोन ताटं वाढून पाहुण्यांपुढे ठेवली. मला वाटलं, संपलं. पोराचं नशीब माझ्या माणसांनीच फोडलं.

वाल्मीकदादा ऐकत होते. बराच वेळ ऐकलं. मग म्हणाले, "मी सगळी नोकरी बांधावर उभा राहून भांडणं ऐकली, अक्का. परकी माणसं अशी भांडत नाहीत."

सुकदेवने उगारलेली पळी खाली केली.

"एवढी माणसं आहेत तर तिथे का नाहीत?" त्यांनी फोनकडे बोट केलं.

मी सरळ सांगितलं. काही लपवलं नाही. "तिथे ठेवली की आम्ही नवव्या पानावर जातो. तुम्हाला पहिलं पान पाहिजे होतं. पोरासाठी यांनी स्वतःची नावं स्वतः काढून दिली. सुकदेवने सगळ्यांत आधी."

वाल्मीकदादांनी कपाळावरून हात फिरवला. "पण अक्का, धुळ्यात मी काय सांगू? नवव्या पानावर जातं कोण बघायला?"

"मी जायची," समीक्षा म्हणाली.

तोवर ती एक शब्द बोलली नव्हती. भरताने बरबटलेला हात तसाच ताटावर धरून बसली होती. "तुम्ही तिसऱ्यावर गेलात तेव्हा तिसऱ्यावर जायची. पाचव्यावर गेलात तेव्हा पाचव्यावर. दुकानात गिऱ्हाईक नसलं की खाली खाली जाऊन बघायची, आहात का. नवव्यावर तुमच्या वर एक साडी होती. बाबा, इन्व्हर्टरवाला पहिला येतो, पण मी त्याला कधी शोधलंच नाही."

संघपाल बादलीत पाय अडकून पडला. खरंच पडला. आणि मी रडले. धूर होता, पण धुराने नाही.

वाल्मीकदादांनी मुलीकडे पाहिलं, मग फोन उचलून खिशात घातला. घास घेतला. पहिला घास, इथे आल्यापासून. चावून झाल्यावर म्हणाले, "पत्रिका कोण लिहिणार?"

"मी," मी म्हटलं.

"आमच्याकडे पाच भाऊ आहेत. धाकटा फार रुसतो."

"त्याची काळजी तुम्ही करू नका."

तिथेच मी रोनकला हाक मारली, अगदी माडीपर्यंत ऐकू जाईल अशी. "रोनक! सगळी नावं परत चढव. एकूण एक. आणि सुकदेवचं सगळ्यांच्या वर."

"अक्का, पडेल हो! आजच वर आलंय!"

"पडू दे."

पडलं. एवढं पडलं की रोनक म्हणतो, आता पान मोजायचं सोडून द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला समोरच्या घरी माप ओतून सायकल वळवून गेला, आमच्याकडे पाहिलंही नाही. घरात वाल्मीकदादा आणि समीक्षा मुक्कामाला थांबलेले, चहाला दुधाचा थेंब नाही. मी किटली घेऊन निघणार तोच दारात सुकदेव उभा. पहाटेची पहिली गाडी धरून आला होता, दोन्ही हातांत दुधाच्या बरण्या.

"एवढ्या लांब कशाला आलास रे?"

"कसानं लांब, अक्का," तो म्हणाला. "मन्हं नाव सगळास्ना वर शे."